अपठित उताऱ्याची कैफियत

गेल्या हिवाळ्यात एका जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळांतील इंग्रजी-अध्यापकांचा जो उद्बोधनवर्ग भरला होता, त्यात पंचवीस-तीस वर्षांची सेवा पाठीशी असलेल्या एका अध्यापकांनी दहावीच्या परीक्षेतील उताऱ्यांविषयी एक तासभर व्याख्यान दिले, आणि ते संपल्यावर सभागृहात जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्यात माझे हात सामील झाले नाहीत. वक्त्यांच्या निष्ठेविषयी मला तिळमात्र शंका नाही. विद्यार्थ्यांसाठी सुट्टीच्या दिवशीही शाळेत येणारे ते गृहस्थ आहेत. परंतु त्यांनी जे प्रमेय मांडले ते आज आपल्या बहुसंख्य शाळांचा आणि झाडून साऱ्या शिकवणीवर्गांचा शिरस्ताच होऊन बसले असल्यामुळे, आणि त्या शिरस्त्याने इंग्रजी वाचनाची जी हानी होत आहे ती मी डोळ्यांनी पाहिली असल्यामुळे, त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे मला कर्तव्य वाटते.

प्रथम त्यांची कैफियत त्यांना मान्य होईल अशा शब्दांत सांगितली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की, खेड्यातील मराठी माध्यमाच्या मुलाच्या घरी इंग्रजी नाही, गावात इंग्रजी नाही आणि शाळेत ते दिवसाकाठी एका तासिकेपुरते आहे. अशा मुलाला इंग्रजी वाचायला शिकवू पाहणे म्हणजे मुदत संपत आलेली असताना विहीर खणायला घेणे होय. उलट उताऱ्यावरील प्रश्न ठरावीक साच्याचे असतात, आणि तो साचा हाती आला की गुणही हाती येतात. यास्तव मुलांकडून शंभर-दीडशे उतारे सोडवून घ्यावेत. उतारा वाचण्यापूर्वी प्रश्न वाचण्याची सवय लावावी. प्रश्नातील ठळक शब्द उताऱ्यात कोठे आला आहे तो शोधून त्याखाली रेघ ओढावी, आणि ते वाक्य शक्य तितके जसेच्या तसे उतरून काढावे. अर्थ कळला तर उत्तम, न कळला तरी अडत नाही. हळूहळू सरावाने आकलनही वाढते, असे त्यांचे शेवटचे आश्वासन होते, आणि माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या आश्वासनावरच आहे.

कृतिपत्रिकेचा, म्हणजे दहावीच्या प्रश्नपत्रिकेचा, नमुना ज्यांच्या नजरेखालून गेला नसेल त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. तृतीय भाषा म्हणून इंग्रजी घेणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण पाठ्यपुस्तकातील दोन गद्य उताऱ्यांना आणि १५ गुण पुस्तकाबाहेरील उताऱ्याला, म्हणजे शाळांच्या बोलीत ‘अनसीन पॅसेज’ला, असतात, या १५ पैकी १० उताऱ्यावरील कृतींना आणि ५ सारांशलेखनाला. प्रत्येक गद्य उताऱ्याखाली दोन-दोन गुणांच्या पाच कृती असतात: पहिली साध्या माहितीवर, दुसरी जरा गुंतागुंतीच्या माहितीवर, तिसरी शब्दसंपत्तीवर, चौथी व्याकरणावर, आणि पाचवीत विद्यार्थ्याने स्वतःचा प्रतिसाद द्यावयाचा. हा आराखडा ज्यांनी केला त्यांच्या हेतूला मी दोष देत नाही. माहिती टिपण्यापासून स्वतःचे मत मांडण्यापर्यंत चढत जाणारी ती एक शिडी आहे, आणि परीक्षेचे साधन म्हणून ती पुष्कळ विचारपूर्वक बांधली आहे. आमच्या व्याख्यात्यांची युक्ती मात्र या शिडीच्या पहिल्याच पायरीवर चालते, दुसरीवर लंगडते, आणि पाचवीवर तिला मार्गदर्शिकेतील पाठ केलेली चार वाक्ये उसनी घ्यावी लागतात. सारांशाच्या पाच गुणांपाशी तर ती पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य जोडून स्वस्थ बसते.

पहिल्या पायरीवर तरी ती आकलन घडविते काय? याची परीक्षा कोणीही मराठीत करून पाहावी. पुढील वाक्य मी मुद्दाम निरर्थक रचले आहे: “धुमट्या गरंडाने सायंकाळी तळवडीतले सगळे पिचोळ लवंडारले.” आता प्रश्न विचारतो. पिचोळ कोणी लवंडारले? धुमट्या गरंडाने. केव्हा लवंडारले? सायंकाळी. कोठले पिचोळ लवंडारले? तळवडीतले. गरंडाचे वर्णन करणारे विशेषण कोणते? धुमट्या. चारही उत्तरे अचूक आहेत, परीक्षकाला एकही गुण कापता येणार नाही, आणि तरीही गरंड हा प्राणी आहे की पदार्थ, आणि पिचोळ लवंडारल्याने कोणाचे बरे झाले की वाईट, हे वाचकाला ठाऊक नाही, उत्तर देणाऱ्याला नाही आणि वाक्य रचणाऱ्यालाही नाही. मराठीची विभक्ती आणि वाक्यातील पदांचा क्रम यांच्या आधाराने ही उत्तरे निघाली. असे शंभर उतारे सोडविले तरी एकशेएकाव्या उताऱ्यातील गरंड पहिल्याइतकाच अनोळखी राहणार. सरावाने हात चपळ होतो हे खरे. पण चपळाई कसली आली तर शब्द हुडकण्याची आणि उतरून काढण्याची.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ही युक्ती आकलन वाढवीत नाही एवढेच असते तर मी गप्प बसलो असतो. पण मुलाच्या ठायी जे आकलन मुळात असते त्याचाही उपयोग करण्यास ती मज्जाव करते. माझ्या वर्गात नववीची एक विद्यार्थिनी होती, चौकस, पाढ्यांत पक्की, मराठी निबंधात वर्गात पहिली. एका सराव-उताऱ्यात प्रयोगशाळेतील काचेचे मोठे भांडे मुलांच्या हातून फुटते आणि शिक्षक आत येतात अशी हकीकत होती, आणि त्यात शिक्षक ‘एनिथिंग बट प्लीज्ड’ होते, म्हणजे मुळीच खूश नव्हते, असे वाक्य होते. शिक्षकांना काय वाटले, या प्रश्नाला तिने ‘प्लीज्ड’ असे उत्तर लिहिले होते. मी तिला जवळ बोलावले आणि मराठीत विचारले, “भांडं फुटलं म्हणून सर खूश होतील का गं?” ती चटकन हसली आणि म्हणाली, “नाही सर, रागावतीलच की. पण उताऱ्यात प्लीज्ड लिहिलंय ना.” या उत्तराने मी अंतर्मुख झालो. तिची विचारशक्ती शाबूत होती, प्रसंग तिला कळला होता, भांडे फुटल्यावर शिक्षक काय करतात याचा अनुभवही होता. परंतु इंग्रजी उताऱ्यात शिरताना ही सगळी शिदोरी दाराबाहेर ठेवावयाची असते, आत फक्त शब्द हुडकावयाचे असतात, हे तिला आम्हीच शिकविले होते. त्या चुकीचे गुण मी तिच्या खाती कापले. ते माझ्या खाती कापावयास हवे होते.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९१७ साली, मुले परिच्छेद वाचताना ज्या चुका करतात त्यांचा बारकाईने अभ्यास करून एक निबंध प्रसिद्ध केला होता, आणि वाचन म्हणजे तर्क चालविणेच होय असा त्याचा आशय होता. मुलांची उत्तरे कोठे घसरतात हे पाहता त्यांना असे आढळले की, वाक्यातील एखादा शब्द मुलाच्या मनावर प्रमाणाबाहेर जोर करतो आणि बाकीच्या शब्दांना दाबून टाकतो. माझ्या विद्यार्थिनीच्या वाक्यात ‘प्लीज्ड’ने नेमके हेच केले होते. थॉर्नडाइक यांनी परिच्छेद समजणे आणि गणितातील उदाहरण सोडविणे यांत साम्य पाहिले: दोहोंतही योग्य घटक निवडावे लागतात, त्यांचे परस्परसंबंध जुळवावे लागतात, प्रत्येकाला योग्य ते वजन द्यावे लागते. आपल्या शाळांतून ‘उतारा सोडवणे’ असा जो शब्दप्रयोग रुळला आहे तो पूर्वी मला खटकत असे, कारण उतारा वाचावयाचा असतो, सोडवावयाचा नसतो असे मला वाटे. आता वाटते की तो शब्दप्रयोग आपण मनापासून पाळला असता तरी पुष्कळ झाले असते. गणिताच्या शिक्षकाने उदाहरणातील आकडे जसेच्या तसे उत्तराच्या जागी लिहावयास सांगितले तर त्याला आपण शिक्षक म्हणणार नाही. इंग्रजीच्या तासाला मात्र तेच चालवून घेतो.

आता ‘सरावाने आकलन वाढते’ या आश्वासनाकडे वळतो. आकलन ही पोहण्यासारखी किंवा सायकल चालविण्यासारखी, एकदा साधली की कोणत्याही पाण्यात आणि कोणत्याही रस्त्यावर चालणारी कला आहे, असे या आश्वासनाच्या बुडाशी गृहीत आहे. ते गृहीत खरे नाही. मजकूर समजणे हे त्या मजकुरातील किती शब्द आपणास ठाऊक आहेत आणि ज्या विषयाचा तो मजकूर आहे त्याची आपणास किती माहिती आहे यांवर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. शब्दांविषयी हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यात असे दिसले की, गोष्टीतील शंभरांपैकी ऐंशीच शब्द ज्यांना ओळखीचे होते अशांपैकी एकालाही ती पुरेशी समजली नाही, आणि कोणाच्या मदतीवाचून सुखाने वाचता येण्यास शंभरांतील सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ठाऊक असावे लागतात. हे प्रमाण आपल्या उताऱ्याला लावून पाहा. दोनशे शब्दांचा उतारा धरला तर सुखाने वाचणाऱ्याला त्यात चारच शब्द अडतील; ऐंशी टक्केवाल्याला चाळीस अडतील. ज्याला चाळीस शब्द अडतात त्याला प्रश्न आधी वाचावयास शिकवा, रेघा ओढावयास शिकवा, काही केले तरी त्या चाळिसांतील एकही शब्द त्यामुळे त्याचा होत नाही. उतारा हे माप आहे. आणि पायलीने धान्य पुनःपुन्हा मोजल्याने कणगीतले धान्य वाढत नाही, हे आपल्या शेतकरी पालकांना सांगावे लागणार नाही.

माहितीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधिकांनी अमेरिकेतील सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास दिले. त्यांत वाचनात हुशार आणि वाचनात कच्ची अशी दोन्ही प्रकारची मुले होती, आणि दोन्ही गटांत बेसबॉल जाणणारी व न जाणणारी होती. सामन्यात काय झाले ते सांगण्यात वाचनात कच्ची पण खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात हुशार पण खेळाविषयी अजाण असलेल्या मुलांच्या पुष्कळ पुढे गेली. ही मुले स्वतःच्या भाषेत वाचत होती हे ध्यानात घ्या. आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मुलापुढे बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा उतारा ठेवला आणि पंढरीच्या वारीचा ठेवला, तर इंग्रजी तितकेच कठीण असूनही दुसरा उतारा त्याला अधिक समजेल, कारण रिंगण म्हणजे काय, दिंडी कशी चालते, पालखीचा मुक्काम कोठे पडतो हे त्याला पाहून ठाऊक आहे, आणि एखादा इंग्रजी शब्द अडला तर त्या ज्ञानाच्या बळावर तो त्याचा अर्थ ताडू शकतो. एतावता इंग्रजी उताऱ्याची तयारी भूगोलाच्या तासालाही होते, विज्ञानाच्या तासालाही होते, आणि मराठी वाचनाने तर सर्वांत अधिक होते. जो मुलगा मराठीत अवांतर वाचतो त्याला कार्यकारणभाव, उपरोध, लेखकाचा कल या गोष्टी आधीच अवगत असतात. इंग्रजीत त्याला त्यांच्यासाठी शब्द मिळवावयाचे असतात. दहावीच्या वर्षी मराठी पुस्तके मुलांच्या हातून काढून घेऊन त्यांच्या जागी इंग्रजी सराव-उताऱ्यांच्या झेरॉक्स प्रती देणारे पालक इंग्रजीचेही नुकसान करतात.

‘घरी वातावरण नाही’ हा मुद्दा मात्र मी हलकेपणाने उडवून लावू इच्छीत नाही, कारण तो खरा आहे. पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो उलटा आहे. ज्याच्या घरी इंग्रजी नाही त्याला शाळेत अधिक इंग्रजी वाचावयास मिळाले पाहिजे. आपण त्याला दोनशे-दोनशे शब्दांचे तुकडे देतो, तेही प्रश्नांनी वेढलेले. एली आणि मंगुभाई यांनी १९८०च्या सुमारास फिजी बेटांतील ग्रामीण शाळांत जो प्रयोग केला त्याची हकीकत आपल्या प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावी अशी आहे. त्या मुलांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. घरी पुस्तके नव्हती. चौथी-पाचवीच्या काही वर्गांना सुमारे अडीचशे सचित्र गोष्टींची पुस्तके देण्यात आली आणि रोज वीस-तीस मिनिटे ती वाचण्यास दिली. काही वर्गांत मुले आपापली वाचीत, काहींत शिक्षक वाचून दाखवीत आणि गप्पा करीत. आठ महिन्यांनी या मुलांची वाचनातील प्रगती, नेहमीच्या पाठ्यक्रमाने शिकणाऱ्या मुलांच्या सुमारे दुप्पट वेगाने झाली असे आढळले. आपल्या उपखंडाचाच दाखला हवा असेल तर मायकेल वेस्ट यांचा घ्यावा. ढाक्यास शिक्षणखात्यात असताना त्यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात बंगालमधील मुलांना इंग्रजीत सर्वांत आधी काय हवे तर वाचता येणे, असे प्रतिपादन केले, आणि नुसते प्रतिपादन करून न थांबता मोजक्या शब्दांत रचलेली, नवा शब्द बेताबेताने आणणारी वाचनमाला सिद्ध केली, जेणेकरून मुलाला गोष्ट वाचताना पानोपानी ठेच लागू नये. वातावरण नसलेल्या मुलासाठी वातावरण पुस्तकातून कसे उभे करावे याचा विचार आपल्या उपखंडात शंभर वर्षांपूर्वी झाला आहे.

राहिला वेळेचा प्रश्न. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते, म्हणजे आजचा दहावीतला मुलगा दहा वर्षे ते शिकत आलेला असतो. माझ्या वडिलांच्या पिढीने ते आठवीत सुरू केले होते. त्या पिढीचे इंग्रजी फार उत्तम होते असा माझा दावा नाही, पण दहा वर्षे हाती असताना वेळ नाही ही तक्रार मला मान्य करता येत नाही. आणि दहावीच्या एका वर्षाचाच हिशेब करावयाचा असेल तर तोही करू. मिनिटाला साठच शब्द वाचणारा, अत्यंत सावकाश वाचणारा मुलगा रोज वीस मिनिटे वाचू लागला तर दिवसाला बाराशे शब्द होतात. जूनपासून जानेवारीपर्यंत सुट्ट्या वजा जाता दीडशे दिवस धरले तर एक लाख ऐंशी हजार. व्याख्यात्यांचे शंभर उतारे, दोनशे शब्दांचे, एकूण वीस हजार शब्दांचे होतात. एक उतारा सोडवून, तपासून, उत्तरे फळ्यावर लिहून देण्यात जाणारी पाऊण तासाची तासिका हिशेबात घेतली, तर शंभर उताऱ्यांना पंचाहत्तर तास लागतात, आणि दीडशे दिवसांच्या वाचनाला पन्नास. कमी वेळात नऊपट मजकूर डोळ्यांखालून जातो; आणि तो मुलाच्या पातळीचा निवडला तर त्यातील शब्द पुनःपुन्हा भेटत राहतात, जे तुकड्या-तुकड्यांच्या उताऱ्यांत घडत नाही.

इतके बोलल्यावर प्रतिपक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याला मी उत्तर दिलेले नाही, याची मला जाणीव आहे. तो मुद्दा गुणांचा नाही, उत्तीर्ण होण्याचा आहे. इंग्रजी आणि गणित या दोन विषयांत अडून किती मुलींचे शिक्षण कायमचे थांबते आणि त्यानंतर घरात कोणती बोलणी सुरू होतात, हे खेड्यात शिकविलेल्या माणसाला सांगावयास नको. परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे आणि मुलगी उत्तीर्णतेच्या काठावर उभी आहे, अशा वेळी तिला शब्द हुडकण्याची युक्ती सांगणाऱ्या शिक्षकाला मी नावे ठेवणार नाही; मीही सांगितली आहे. परीक्षेच्या आधी पाच-सहा कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडविल्याने मुलांची भीती मोडते, कोणत्या कृतीला किती वेळ द्यावा हे कळते, आणि तेवढा सराव आवश्यक आहे असेच माझे मत आहे. माझी हरकत आहे ती या संकटकाळच्या तरतुदीला आठवीपासून तीन वर्षांची वहिवाट करण्याला. ज्या मुलीला आठवीत गोष्टी वाचावयास दिल्या असत्या ती दहावीत काठावर उभी राहिली नसती, अशी शक्यता आपण तपासूनच पाहिलेली नाही. आणि उतारेच घ्यावयाचे असतील तर आठवड्यात एक घ्या, पण त्यावर तीन तास बोला, मराठीत बोला, कोणत्या मुलाने कोणते चुकीचे उत्तर लिहिले आणि ते त्याला का बरोबर वाटले हे त्याच्याच तोंडून ऐका. ‘प्लीज्ड’ लिहिणाऱ्या मुलीपाशी मी त्या दिवशी थांबलो नसतो तर तिच्या चुकीचे कारण मला कधीच कळले नसते.

परीक्षेनंतर काय होते, याचा विचार त्या व्याख्यानात नव्हता. मराठी माध्यमातून दहावी झालेला जो मुलगा अकरावीला विज्ञानशाखेत जातो त्याच्यापुढे जुलैच्या सुमारास पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र यांची इंग्रजी पुस्तके एकदम येऊन पडतात. त्या पुस्तकांतील परिच्छेदाखाली त्या परिच्छेदावरचे पाच प्रश्न छापलेले नसतात. आमच्या शाळेचा असाच एक विद्यार्थी, दहावीला इंग्रजीत उत्तम गुण मिळविलेला, दिवाळीच्या सुट्टीत पदार्थविज्ञानाचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आला होता. गतीच्या नियमांवरचे पान त्याने उघडून समोर ठेवले. पेन्सिल हातात तयारच होती. मी काही विचारण्याआधी त्यानेच विचारले, “सर, यातलं कोणतं वाक्य अंडरलाइन करायचं?” मी पेन्सिल त्याच्या हातून घेऊन बाजूला ठेवली, आणि आम्ही दोघांनी ते पान पहिल्या ओळीपासून वाचावयास घेतले. त्या एका पानाला दीड तास लागला.